मनोऱ्याला आधी जमीन हवी

मीरा रोड स्थानकाबाहेरच्या ज्या दुकानांतून मध्यमवर्गीय पालक मुलांसाठी खेळणी घेतात, तेथे प्लॅस्टिकच्या मोटारी आणि बंदुका यांच्या वरच्या फळीवर आता लाकडी ठोकळ्यांच्या पेट्या विराजमान झालेल्या दिसतात. एकावर एक रचायचे घन, लहान होत जाणाऱ्या चकत्या, तोल सांभाळत चढवायचे हत्ती-घोडे असा त्यांतील ऐवज असतो. पेटीवर बुद्धिविकासाची हमी आणि नैसर्गिक लाकडाची ग्वाही असते. वर ‘माँटेसरी’ हा शब्द ठसठशीत अक्षरांत छापलेला असतो. त्याच वेळी भाईंदर पूर्वेला, स्टीलची भांडी घडवणाऱ्या कारखान्यांच्या आसपासच्या एखाद्या दहा बाय दहाच्या खोलीत, दोन वर्षांचे एक मूल स्टीलच्या वाट्या एकावर एक पालथ्या घालून मनोरा रचत बसलेले असते. पहिल्या मुलाच्या खेळाला आपला समाज ‘विकास’ म्हणतो. दुसऱ्याच्या त्याच खेळाला ‘पसारा’ म्हणतो आणि स्वयंपाकाची वेळ झाली की त्याच्या हातून वाट्या काढून घेतो.

या दोन मुलांच्या बुद्धीत फरक नाही, हे सांगण्यासाठी कोणत्याही संशोधनाचा आधार घ्यावा लागू नये. फरक आहे तो त्यांच्या पायाखालच्या जमिनीत. कोणते खेळणे विकत घ्यावे या प्रश्नाची चर्चा वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून भरपूर होते. खेळण्यासाठी जमीन, वेळ आणि साधने यांची वाटणी शहराने कशी केली आहे, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. आणि खरा प्रश्न तोच आहे.

ठोकळ्यांच्या खेळाकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहणाऱ्यांनी मूल मनोरा रचते तेव्हा नेमके काय करते, ते एकदा लक्षपूर्वक पाहावे. दीड वर्षांचे मूल तीन-चार ठोकळे एकावर एक ठेवू शकते, दोन वर्षांचे सहा-सात. आणि बालरोगतज्ज्ञ वाढीची परीक्षा करताना हीच क्षमता तपासतात. ठोकळा कडेबाहेर किती सरकवला तर तो टिकतो आणि किती सरकवल्यावर कोसळतो, हे मुलाला हात सांगतो. गुरुत्वमध्यातून खाली सोडलेला लंब पायाच्या आत पडेल तोवरच वस्तू उभी राहते, हा नियम ते पुढे सातवी-आठवीत पाठ करील. पण त्याची प्रचीती त्याने तिसऱ्या वर्षीच घेतलेली असते. मोठे खाली आणि लहान वर, दोन अर्धे म्हणजे एक पूर्ण, रुंद पाया म्हणजे उंच मनोरा, हे सारे ज्ञान शब्दांवाचून मिळालेले असते. श्रम आणि विचार यांची फारकत झालेल्या आपल्या शिक्षणव्यवस्थेत, हाताने केलेले काम आणि डोक्याने केलेले काम जेथे अजून वेगळे झालेले नाही, अशी कदाचित ही एकच जागा उरली आहे.

पण मनोरा उभा राहण्यासाठी ठोकळ्यांपेक्षाही अधिक तीन गोष्टी लागतात. एक, सपाट आणि मोकळी जमीन. दोन, कोणी उठवणार नाही असा सलग वेळ. आणि तीन, मनोरा पडला तर कोणी ओरडणार नाही अशी निर्भयता. या तिन्ही गोष्टी बाजारात पेटीत भरून मिळत नाहीत, आणि या तिन्हींची वाटणी वर्गानुसार झालेली आहे. ज्या खोलीत रात्री सहा माणसे झोपतात, दिवसा शिवणयंत्र चालते किंवा इमिटेशन दागिन्यांचे मणी ओवले जातात, तेथे दोन चौरस फूट जमीन तासभर अडवून धरणे हा मुलाचा हक्क ठरत नाही, अडथळा ठरतो. कामावरून दमून आलेली आई मुलाच्या हाती मोबाईल देते, त्याबद्दल तिला उपदेश करणाऱ्या सुखवस्तू विद्वानांनी एवढेच पाहावे की, त्या खोलीत मुलाला जागा न अडवता, आवाज न करता आणि पसारा न मांडता गुंतवून ठेवणारी मोबाईल ही एकमेव वस्तू आहे. दोष आईचा नाही. जागेच्या अर्थशास्त्राचा आहे.

मीरा-भाईंदर हे शहर या अर्थशास्त्राचे जिवंत उदाहरण आहे. मिठागरे, भातशेती आणि उत्तनची मासेमारी यांवर जगणाऱ्या गावांची १९८५ मध्ये नगरपरिषद झाली आणि २००२ मध्ये महापालिका. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या २०११ मध्ये आठ लाख नऊ हजारांवर गेली. वीस वर्षांत साडेचार पटींहून अधिक. मुंबईत घर परवडेना म्हणून बाहेर फेकला गेलेला मध्यमवर्ग आणि श्रमिकवर्ग या शहराने सामावून घेतला, हे खरेच. परंतु चौरस फुटांचा भाव हाच ज्या शहराच्या वाढीचा एकमेव नियम झाला, तेथे तीन वर्षांच्या मुलाचा चौरस फूट कोणत्याही नकाशात आला नाही. फुटक्या कौलांचे वा चपट्या दगडांचे सात तुकडे रचून चेंडूने पाडायची लगोरी हा या मातीतला रचण्याचा आणि तोल सांभाळण्याचा जुना खेळ. त्याला ना पेटी लागे, ना पैसा. लागे ती गल्लीभर मोकळी जागा. त्या गल्लीत आज दुतर्फा वाहने उभी आहेत. भातुकलीतली उतरंड जशी घरातून गेली, तशी लगोरीही अंगणातून गेली. आणि दोन्हींची जागा भरून काढण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरलेच नाही.

या ठिकाणी एक ऐतिहासिक विपर्यास उघड करणे आवश्यक आहे. लाकडी ठोकळे ही श्रीमंतांच्या मुलांची मिरास आहे, असे आज भासवले जाते. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. फ्रीड्रिख फ्रोबेल याने १८३७ मध्ये जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि १८४० मध्ये त्याला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. एका घनाचे आठ लहान घन करून ते मुलाच्या हाती देणे, हे त्याच्या पद्धतीतील एक मूलभूत साधन होते. मुलाने तोडावे, जोडावे आणि स्वतःच्या कल्पनेने पुन्हा उभारावे, एवढाच त्यामागचा विचार. त्या निरुपद्रवी वाटणाऱ्या घनांची प्रशियाच्या सरकारला इतकी धास्ती वाटली की, १८५१ मध्ये त्याने किंडरगार्टनवर बंदी घातली. आरोप होता नास्तिकतेचा आणि समाजवादाचा. ही बंदी १८६० पर्यंत टिकली. जे मूल स्वतः रचायला आणि स्वतः मोडायला शिकते, ते उद्या आज्ञाधारक प्रजाजन होईलच याची खात्री देता येत नाही, हे त्या सत्तेला आजच्या आपल्या शिक्षणसम्राटांपेक्षा अधिक चांगले कळले होते.

ज्यांच्या नावाचा शिक्का आज प्रत्येक महागड्या पेटीवर असतो, त्या मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी उघडले ते रोममधील सॅन लोरेन्झो या कामगारवस्तीत. ते उघडण्यामागची प्रेरणा तर मीरा रोडच्या प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने वाचावी अशी आहे. नव्याने दुरुस्त केलेल्या चाळींच्या मालक कंपनीला काळजी पडली होती की, आईबाप कामावर गेल्यावर मोकाट मुले भिंती आणि जिने खराब करतील. भिंती वाचवण्यासाठी मुलांना एका खोलीत बसवावे, एवढाच मालकांचा हिशेब होता. माँटेसरी यांनी त्या खोलीचे विद्यालय केले. एक ते दहा सेंटिमीटरच्या दहा घनांचा त्यांचा प्रसिद्ध गुलाबी मनोरा कामगारांच्या अशाच मुलांमध्ये केलेल्या कार्यातून पुढे आला. न्यूयॉर्कमध्ये कॅरोलाइन प्रॅट या समाजवादी विचारांच्या शिक्षिकेने मॅपलच्या लाकडाचे, एकास दोनास चार अशा प्रमाणातले ठोकळे तयार केले आणि १९१४ मध्ये सुरू केलेल्या आपल्या शाळेत ते मुख्य साधन म्हणून वापरले. तिने त्यांचे एकस्व घेतले नाही. ज्याला हवे त्याने करावेत अशी ती वस्तू राहिली, आणि म्हणूनच ती जगभर पसरली. ‘जेंगा’ हा आज घरोघरी माहीत असलेला चोपन्न तुकड्यांचा खेळ १९८३ मध्ये लंडनच्या खेळणी-प्रदर्शनात बाजारात आला. पण त्याचे मूळ घानामधल्या लाकूडकापणीच्या गिरणीतील तुकड्यांत आहे आणि त्याचे नाव स्वाहिली भाषेतील ‘बांध’ या आज्ञार्थातून आले आहे. कामगारांच्या मुलांसाठी जन्मलेली, गिरणीतल्या तुकड्यांतून घडलेली ही वस्तू पेटीत बंद करून कामगाराच्याच मुलाला परवडणार नाही अशा किमतीला विकणे, यालाच बाजार ‘जागृत पालकत्व’ म्हणतो.

परदेशचे दाखले कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. त्याने भाईंदरहून डहाणूची गाडी धरावी. याच पश्चिम रेल्वेमार्गावर, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात, ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे अनुताई वाघ यांच्यासह ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९५७ मध्ये तो कोसबाडच्या टेकडीवर नेला. माँटेसरींची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. म्हणून साधने सोडून न देता, खडे, बिया, शिंपले, पाने, माती आणि गावच्या कारागिरांनी घडवलेल्या वस्तू यांतून त्यांनी ती नव्याने उभी केली. मुले बालवाडीत येत नाहीत हे पाहून त्यांनी बालवाडीच दलित आणि आदिवासी मुलांच्या अंगणात नेली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द या भूमीत अर्थपूर्ण झाला. अंगण म्हणजे खेळायची जमीन, हा त्या शब्दाचा गाभा. देशाने १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू करताना शब्द उचलला. अंगण मात्र वाटेत कोठेतरी सांडले. शहरांतील कितीतरी अंगणवाड्या आज भाड्याच्या अशा खोलीत भरतात की, जेथे पोषण आहाराची पोती, वजनकाटा आणि नोंदवह्या ठेवल्यावर मुलांना बसायला जागा उरते, खेळायला उरत नाही.

हे दुर्लक्ष अपघाताने झालेले नाही. ते कायद्यात लिहून ठेवलेले आहे. घटनाकारांनी मूळच्या ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांचा विचार केला होता. वयाची खालची मर्यादा घातली नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क केला, पण तो सहा ते चौदा या वयोगटापुरता. सहा वर्षांखालील मुलांसाठी शासनाने ‘प्रयत्न करावा’, एवढेच मार्गदर्शक तत्त्व उरले. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या ११ व्या कलमाने शासन पूर्वप्राथमिक शिक्षणाची सोय ‘करू शकेल’ असे म्हटले. ‘करील’ आणि ‘करू शकेल’ या दोन क्रियापदांमधल्या फटीतून देशातील कोट्यवधी मुलांचे बालपण घरंगळून गेले आहे. आणि त्याच फटीत, मीरा रोडच्या इमारतींच्या तळमजल्यांवर, माँटेसरींचे नाव लावून तीन वर्षांच्या मुलांकडून वही भरून अक्षरे गिरवून घेणारी दुकाने थाटली गेली आहेत.

सरकार खेळण्यांबाबत उदासीन आहे असे मात्र कोणी म्हणू नये. आयात खेळण्यांवरील सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७० टक्के झाले. १ जानेवारी २०२१ पासून गुणवत्तेचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. विषारी रंग आणि निकृष्ट माल रोखणारे पाऊल म्हणून त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु हे सारे धोरण उद्योगाचे आहे. खेळणे कोठे बनावे, याचा विचार त्यात आहे. ते कोणाच्या हातात पडावे, याचा नाही. सावंतवाडीच्या चितारआळीतील आणि चन्नपट्टणच्या कारागिरांची लाकडी खेळणी भाषणांत गौरविली जातात आणि दिवाणखान्याच्या काचेच्या कपाटात शोभेला ठेवली जातात. कारागिराच्या स्वतःच्या मुलाच्या अंगणवाडीत ती आहेत काय? फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ गाजावाजा करून प्रकाशित झाला. पेटारा चांगला असेलही. पण पेटारा उघडायला मोकळी जमीन नसेल आणि तो उघडणाऱ्या सेविकेला दोन तासांची उसंत नसेल, तर तो कुलुपात राहतो. साहित्य फाटले वा हरवले तर आपल्याला भरून द्यावे लागेल ही भीती ज्या व्यवस्थेत आहे, तेथे नवे खेळणे मुलांपासून जपून ठेवले जाणार, हे सांगायला भविष्यवेत्ता नको.

त्या सेविकेची स्थिती काय आहे? तिला शासन कर्मचारी मानीत नाही, मानसेवी मानते. केंद्राने तिचे मानधन २०१८ मध्ये दरमहा ४,५०० रुपये ठरवले आणि उरलेली भर राज्यांवर सोपवली. ती उपदानास पात्र आहे, हे सांगायला एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुढे यावे लागले. आणि महाराष्ट्रातील सेविका-मदतनिसांना डिसेंबर २०२३ पासून दीड महिन्याहून अधिक काळ संप करावा लागला. वजने, लसीकरण, सर्वेक्षणे, मोबाईलवरील नोंदी हे सर्व उरकून उरलेल्या वेळात तिने मुलांना खेळवावे, अशी अपेक्षा आहे. मनोरा रचणाऱ्या मुलाजवळ शांतपणे बसून राहणे हे काम आहे, आणि कौशल्याचे काम आहे, हे ज्या दिवशी वेतनपत्रकात मान्य होईल, त्या दिवशी बालविकास या शब्दाला अर्थ येईल.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात, आणि त्यांतील पहिला बहुधा पुरोगामी मंडळींकडूनच येतो. पोटाला भाकर नाही तेथे ठोकळ्यांचे कौतुक कशाला? हा युक्तिवाद वरवर तेजस्वी आणि आतून पोकळ आहे. श्रमिकाच्या मुलाला फक्त भाकर लागते आणि मालकाच्या मुलाला भाकरीखेरीज कल्पनाशक्तीही लागते, हा मूळचा मालकवर्गाचा सिद्धांत आहे; तो आपल्या तोंडी शोभत नाही. भाकर आणि खेळ यांत निवड करायला लावणारा अर्थसंकल्पच मुळात नाकारला पाहिजे. दुसरा आक्षेप असा की, मुले कशानेही खेळतात, वाट्या आहेत, दगड आहेत, मग खर्च कशासाठी? मुले कशानेही खेळतात ही मुलांची थोरवी आहे; समाजाची ती सबब होऊ शकत नाही. वाट्या एकाच रीतीने रचता येतात. प्रमाणबद्ध ठोकळ्यांतून पूल, जिना, घर आणि गाव उभे राहते, आणि दोन लहान मिळून एक मोठा होतो हे गणित हाताला लागते. शिवाय वाटी आईला परत द्यावी लागते. ठोकळा मुलाचा असतो.

आता खर्चाचा हिशेबही होऊन जाऊ द्या. प्रॅट यांच्या मापाचा मूळ ठोकळा साडेपाच इंच लांब, पावणेतीन इंच रुंद आणि एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच जाड असतो. असे शंभर ठोकळे म्हणजे १.२ घनफूट लाकूड. सदनिकेच्या एका दाराची चौकट, चार इंच बाय अडीच इंचांची आणि सतरा फूट लांबीची धरल्यास, जवळजवळ तेवढेच लाकूड खाते. म्हणजे एका दाराच्या चौकटीत एका अंगणवाडीचे शंभर ठोकळे होतात. २०११ च्याच लोकसंख्येवर, सहा वर्षांपर्यंतची मुले एक दशांश धरली, तर मीरा-भाईंदरमध्ये ती ऐंशी हजार होतात. त्यांतील तीन ते सहा वयाची निम्मी धरली, तर चाळीस हजार. चाळीस मुलांमागे एक केंद्र या हिशेबाने हजार केंद्रे आणि हजार संच. हजार संच म्हणजे हजार चौकटी. शंभर सदनिकांच्या दोन इमारतींना, सदनिकेमागे पाच दारे धरल्यास, तेवढ्याच चौकटी लागतात. दोन इमारतींच्या दारांच्या चौकटींएवढ्या लाकडात साऱ्या शहराच्या बालपणाला ठोकळे पुरतात. कापणावळ आणि छाट यांसाठी यात आणखी निम्मे मिळवले, तरी तीन इमारती. दरवर्षी टोलेजंग बांधकामे मंजूर करणाऱ्या शहराला हे परवडत नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करून दाखवावे!

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. महापालिकेने आपल्या हद्दीतील प्रत्येक अंगणवाडीला आणि बालवाडीला ठोकळ्यांचा संच द्यावा. तो शिवण किंवा आंब्यासारख्या लाकडाचा, गिळता येणार नाही अशा मापाचा, कडा घासून गुळगुळीत केलेला आणि रंगाविना असावा. हे काम शहरातीलच सुतारांना योग्य मजुरीने द्यावे. मोडतोड गृहीत धरून दरवर्षी भर घालावी आणि तिची वसुली सेविकेकडून होणार नाही, असा लेखी आदेश काढावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नव्या इमारतींना परवानगी देताना आणि झोपडपट्ट्यांचे पुनर्वसन करताना अंगणवाडीसाठी तळमजल्यावर सपाट, उजेडाची, पुरेशी जागा राखणे बंधनकारक करावे. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तेथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती सुरू झाली पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे. काशीमिऱ्याच्या वस्त्यांत, घोडबंदरच्या आदिवासी पाड्यांवर, उत्तनच्या कोळीवाड्यांत आणि भाईंदरच्या कारखान्यांमागच्या चाळींत कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन मुलांची नावे लिहावीत, चाळीसचा आकडा भरताच अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. पोच घेतलेल्या तारखेपासून तीन महिने मोजायला सुरुवात करावी.

मनोरा खालून वर रचला जातो, ही गोष्ट दोन वर्षांच्या मुलाला ठाऊक असते. आधी शिखर आणि मग, जमलेच तर, पाया, या क्रमाने शहर रचणाऱ्यांना ती अजून शिकायची आहे. त्यांना ती शिकवण्याचे काम त्या मुलांच्या आईबापांनाच करावे लागेल.